उपाशी ठेवता का हो तिला?

लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. जेमतेम वर्षाची देशी कुत्री गवतात नाक खुपसून माणसाचा माग काढते, म्हणजे मी तिचे काहीतरी हाल करत असणार, हे लोकांनी धरलेलंच असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

नाही ठेवत. रात्री ती पोटभर जेवते.

बरं, आता पूर्ण खरं. सकाळचं खाणं तिला घरी मिळत नाही, मैदानावर मिळतं. भाचा पुढे चालत जातो आणि सुरुवातीला त्याच्या प्रत्येक पावलात उकडलेल्या कलेजीचा एक तुकडा असायचा. पायाखाली गवत चुरडतं, माती हलते, त्यात त्याच्या अंगाचा वास मिसळतो. या वासाशी खाऊची सांगड बसली की तुकडे विरळ करत जायचे आणि शेवटच्या टोकाला मोठी मेजवानी द्यायची. तेव्हा मागावर ती रिकाम्या पोटी येते, कबूल. पण याला उपाशी म्हणायचं तर पहाटे योगाला जाणारी आमची अख्खी सोसायटी उपाशी आहे.

आणि कृपा करून झंजीरचं नाव काढू नका. मुंबई पोलिसांचा तो लॅब्राडॉर १९९३ साली स्फोटकं हुंगून काढायचा. ठरावीक पदार्थाचा वास शोधणं वेगळं आणि एका माणसाच्या पावलांमागे वळणं घेत जाणं वेगळं.

भुकेवरच सगळं चालत असतं, तर मेमधली ती सकाळ घडलीच नसती. आरेच्या बाजूला बिबट्याचा वावर, म्हणून पूर्ण उजाडल्याशिवाय आम्ही गवतात उतरत नाही. आणि मेमध्ये उजाडलं की घामाच्या धारा. त्या दिवशी भाच्याचे मित्र बघायला आले होते. पहिला सरळ टप्पा झोकात गेला, लांब दोरी माझ्या हातात ताणलेली. वळणापाशी तिने मान वर केली. जीभ बाहेर, धाप लागलेली. एकदा माझ्याकडे बघितलं आणि बसकण मारली. कलेजी नाकापासून वीतभर अंतरावर होती. तिने तोंड फिरवलं.

पोरं हसायला लागली. क्रिकेटला आलेल्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, "दोन ठेवून द्या काकू, सरळ होईल." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू, त्यांचाही आणि तिचाही. तिच्या शेजारी उकिडवी बसले. ती हलेना. शेवटी हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, काढून दोरी गळ्यातल्या पट्ट्याला लावली. हार्नेस निघाला म्हणजे काम संपलं, हे तिला ठाऊक आहे. ताडकन उठली, अंग झाडलं आणि समोर उभ्या दिसणाऱ्या भाच्याकडे मला ओढत सुटली. मागच्या कलेजीला मुंग्या लागल्या.

का बसली? धापा टाकणारं कुत्रं तोंडाने श्वास घेतं, मग हुंगणार कधी? शिवाय ती वयात येत होती. शिवाय वळणाजवळचं झुडूप म्हणजे तिथल्या कुत्र्यांची हद्द. तिन्ही कारणं पटतात, एकही सिद्ध करता येत नाही.

पहिल्या कुत्र्याच्या वेळची मी म्हणाली असती, "संध्याकाळचंही अर्धं कर, मग बघ कशी चालते." तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. तिची बाजू लंगडी नाही. तो कुत्रा एक वळण चुकायचा नाही. मी म्हणते, तो काम उरकायचा, ही हार्नेस दिसला की दारात नाचते. त्यावर ती म्हणते, नाचून माग निघतो का?

मग काही दिवस ट्रॅक, म्हणजे हा मागाचा सराव, बंद ठेवला. पावसाळ्यात, उघडीप मिळाली की, ओलसर गवतात पुन्हा सुरू केला. अगदी छोटा, सरळ, आणि तिला अजून हवा असतानाच संपणारा. हेच सगळ्यात अवघड जातं, कारण कुत्रं रंगात आलं की आपल्यालाच आणखी एक वळण घालायचा मोह होतो. आता ती वळणंही घेते. पावसाने, वयाने की छोट्या ट्रॅकने, देव जाणे.

नवरा म्हणतो, एकदा भरल्या पोटी नेऊन बघ, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. अजून नेलेलं नाही. ती जागची हलली नाही, तर लिफ्टमध्ये तुम्हाला काय सांगू?