खेडची शिळा: आकडा सुटला, आता आठवा माणूस शोधतोय

निकाल लागला. खेडच्या चावडीवरच्या शिळेत पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा आकडा आठ आहे. तीन नाही.

कोकणातल्या खेड तालुक्यातल्या त्या चावडीवरच्या संगमरवरी शिळेने माझा किती जीव खाल्लाय, ते जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना माहीत आहे. मजकूर नेहमीचाच: या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत. या शिळांवर ती नसतातच, त्यामुळे आकडा हाच आपला एकमेव धागा. गेलेल्यांचा आकडा पहिल्याच भेटीत लागला होता, एकोणचाळीस. मेलेल्यांचा मात्र ऑइलपेंटच्या थरांखाली बुजलेला. मराठी ओळ खालच्या टवक्याबरोबर गेलेली, म्हणून सगळी भिस्त इंग्रजी ओळीतल्या एका आकड्यावर.

आणि इंग्रजी तीन आणि आठ यांत फरक असतो फक्त डाव्या बाजूच्या दोन वळणांचा. ती वळणं जवळजवळ उभी आहेत. चावडीच्या पडवीत शिळेच्या दोन्ही बाजूंना जांभ्याचे जाड खांब, त्यामुळे दिवसा उजेड येतो तो वरूनच, कौलांच्या कडेखालून. वरून आलेल्या उजेडात आडव्या रेघांची सावली पडते, उभ्यांची पडत नाही. दुपारी काढलेल्या प्रत्येक फोटोत तीनच दिसणार, कॅमेरा कितीही भारी असो. त्यात खोबणी रंगाने भरलेली. पण रंग खोबणीत जाड बसतो आणि सुकताना किंचित खचतो. तो खचका नखालाही लागत नाही, डोळ्याला तर नाहीच. तिरप्या उजेडाला मात्र लागतो.

म्हणून या वेळी रात्री गेलो. पडवीतला दिवा बंद, फोन तिपाईवर, आणि बॅटरी शिळेला जवळजवळ टेकवून आधी डावीकडून, मग उजवीकडून. गावच्या शाळेतली नववीतली चार मुलं बॅटरी धरायला होती, दोघांचे आजोबा खुर्च्या टाकून बसलेले. डावीकडून उजेड फिरला आणि त्या आकड्याच्या डाव्या अंगाला दोन बारीक चंद्रकोरी उमटल्या. वर एक, खाली एक. मुलांपैकी एकजण ओरडला, “सर, आठ!” मी अजून स्क्रीनकडेच बघत होतो.

बॅटरीबद्दल एक सांगून ठेवतो, कारण दर वेळी विचारलं जातं. एकच एलईडी असलेली साधी बॅटरी घ्या. डोक्याला बांधायच्या त्या चार-सहा दिव्यांच्या बॅटऱ्या या कामाला निरुपयोगी, एका रेघेच्या चार सावल्या पडतात आणि अक्षर पुसटतं. फोनचा फ्लॅश लेन्सला चिकटूनच असतो, तोही नको. थ्रीडी स्कॅनची फुकट ॲप्स मूर्तीला, वीरगळाला ठीक. अर्ध्या मिलिमीटरच्या खोबणीला ती गुळगुळीत करून टाकतात. मेशरूम हे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बांधणारं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण पूर्ण मॉडेल बांधायला एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं, ते माझ्याकडे नाही. आणि पेंट रिमूव्हर, तारेचा ब्रश, ॲसिड यांचं नावही काढू नका. संगमरवर ॲसिडने खाल्ला जातो. पीठ-खडूही नको. रंग राहू दे, तोच आत्ता अक्षरांना जपतोय.

रंगावरून आठवलं. तो लावला कुणी? दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी भिंत रंगवायची आणि भिंतीबरोबर शिळाही, हे तिथे कित्येक वर्षं चाललेलं. म्हणजे आजच्या मुलांच्या जन्माआधीपासून. “नव्या पिढीला युद्धाचा इतिहास माहीत नाही” ही तक्रार अशा शिळा शोधणाऱ्या आपल्यातले बरेच जण करतात, आणि मला ती दिवसेंदिवस कमी पटते. या मुलांना कारगिल माहीत आहे, पानिपत तर तोंडपाठ आहे. मेसोपोटेमिया, म्हणजे आजच्या इराकमधली पहिल्या महायुद्धाची आघाडी, माहीत नाही, कारण तो त्यांना कुणी दिलाच नाही. ज्याच्या हातात वस्तू कधी आलीच नाही, त्याने ती हरवली असं कसं म्हणायचं? साखळी तुटली ती मधल्या दोन पिढ्यांत. स्वातंत्र्य आल्यावर “सरकारच्या लढाईत” गेलेला आजोबा कुठल्या रांगेत बसवायचा, ते घराला कळेना आणि देशालाही. १९८० च्या सुमारास चांदी कडाडली तेव्हा ब्रिटिश वॉर मेडलं, म्हणजे त्या युद्धाची चांदीची पदकं, वजनावर मोडीत गेली. ती काही शाळकरी पोरांनी विकली नव्हती.

विसरायची सुरुवात तर त्याहून जुनी. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे, पण त्यातल्या हिंदी शिपायांची नावं दगडावर घातलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावं आणि बाकीच्यांची संख्या. आपल्या चावडीवर जे, तेच तिथेही.

आता मूळ अडचणीकडे. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या रजिस्टरात या गावाचे मला सहा जण सापडलेत. गावाचं नाव तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत शोधल्यावर, आणि पवार, शिंदे, कदम यांची जमतील तितकी इंग्रजी रूपं घालून. सहापैकी चौघे मेसोपोटेमियातले, १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणींतले. त्यातल्या दोघांच्या मृत्यूच्या तारखा १९१६ च्या पावसाळ्यातल्या, म्हणजे २९ एप्रिलला वेढ्यातलं कुट शहर तुर्कांच्या हाती पडल्यानंतरच्या. ते तुर्कांच्या कैदेत गेले असणार, असं मी धरून चाललोय. शिळेवर तीन असते तर रजिस्टरातले सहा जास्त झाले असते आणि मला गावाची ओळखच पुन्हा तपासावी लागली असती. आठ निघाल्याने हिशेब उलटा झाला: दोन कमी पडतात.

त्यातला एक त्याच रात्री सापडला. ही या नोंदीतली सगळ्यात मोठी गोष्ट.

बॅटरी धरणाऱ्या मुलांत एक मुलगी होती, वरच्या वाडीतली. शिळेवर काय लिहिलंय ते समजावून सांगत होतो तेव्हा म्हणाली, आमच्या देव्हाऱ्यात एक गोल देवी आहे, तिच्या कडेला अशीच इंग्रजी अक्षरं आहेत. सकाळी तिच्या घरी गेलो. देव्हाऱ्यात टाकांच्या मागे उभी केलेली, साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची जड चकती. हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पुढ्यात सिंह. कपाळावर कुंकवाचा थर. सिंहावरची देवी म्हणून ती कित्येक वर्षं पूजेत आहे, नवरात्रात तिच्यापुढे घट बसतो. आपल्यातल्या कुणालाही ती बघताक्षणी कळली असती: मेमोरियल प्लाक. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने पाठवलेली. बाई म्हणजे ब्रिटानिया.

उजवीकडच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव. चिंचेने घासून घासून अक्षरांच्या कडा गेल्यात, पण रात्रीचीच युक्ती इथेही चालली. नाव पूर्ण लागलं आणि ते माझ्या सहांत नाही. सातवा. (नाव इथे देत नाही. घरच्यांनी मुंबईच्या भाऊबंदांना विचारून सांगतो म्हटलंय. गावाचं नावही म्हणूनच गाळलंय, या चकत्यांना बाजार आहे.) मागच्या बाजूला या चकत्या बनवणाऱ्या वुलिचच्या कारखान्याची खूण आहे, नक्कल नाही. मुलीच्या आजींना मी एवढंच सांगितलं की हे तुमच्या सासऱ्यांच्या चुलत्यांचं आहे. त्या म्हणाल्या, मग पूजा चालू ठेवली ते बरंच झालं की. घासणं मात्र थांबवा अशी विनंती केली, ती त्यांनी मानली.

मुलीने कडेची अक्षरं एकेक करून लावली. अर्थ: हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. मग तिने विचारलं, “कोणाच्या स्वातंत्र्यासाठी?” त्या काळचा खेड तालुक्यातला माणूस, सरकारच्या लढाईत. माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. पगार, भरतीचा जोर, घरातल्या आधीच्या पलटणवाल्यांची रीत, जे ठाऊक होतं ते सांगितलं. पुढचा तासभर ती आणि तिचा भाऊ प्रश्नच विचारत होते. ज्यांना या पिढीची काळजी वाटते त्यांनी एकदा एका गावात, त्या गावच्याच माणसाचं नाव घेऊन जावं.

पण प्लाकवर हुद्दा नसतो, पलटण नसते, गाव नसतं. याच नावाचे रजिस्टरात ढीगभर आहेत. कुठला आपला? आणि आठवा तर अजून निव्वळ आकडाच. तो लढाऊ पलटणीतला नसेल, ही शक्यता मला मोठी वाटते. खेचरवाले, पखालजी (पाणके), हमाल तुकड्या यांच्या नोंदी वेगळ्या विभागात असतात, तिकडे नीट बघायचंय. १११ महार ही पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, तिचीही यादी चाळायची. शिवाय तेव्हाचं गाव म्हणजे आजच्या तीन ग्रामपंचायती, वाड्या वेगळ्या झाल्यात. वाडीचं नाव गाव म्हणून लिहिलं गेलं असेल तर माझ्या शोधात ते आलंच नसणार.

हे लिहिता लिहिताच सुचलं: फेरफार! माणूस मेला की जमिनीला वारस लागतो. १९१५ ते १९२० चे जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतील तर बापाचं नाव, वारसाचं नाव, कदाचित “लढाईत मयत” असा शेराही मिळेल. सातव्याची पलटण ठरवायला बापाचं नाव मिळालं तरी पुरे, रजिस्टरात ते बहुतेकदा असतं. अडचणी दोन. गाव खोतीचं होतं, त्यामुळे कुळांच्या नोंदी कितपत असतील ते बघावं लागेल. दुसरं, मोडी. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे सध्या कामात बुडालेत, पण त्याच कामामुळे जुन्या दप्तरांचं स्कॅनिंगही झालंय. म्हणजे आधी अर्ज करण्यापेक्षा स्कॅन झालेलं काय आहे ते तपासायचं.

त्यामुळे दापोलीतल्या अशाच शिळांचं काम मी पुढे ढकलतोय. पंजाबच्या शिपायांचा शोध घेणाऱ्यांना लाहोरच्या संग्रहालयात गावनिहाय रजिस्टरं सापडली, तीन लाखांवर माणसांची. आपल्या हाताशी तसलं काही नाही. आता क्रमच बदलतो: आधी शाळा, मग घरं, शिळा शेवटी. त्या चार मुलांनी तिन्ही ग्रामपंचायतींच्या वाड्या वाटून घेतल्यात. मेडल, चकती, जुनं पेन्शनचं पुस्तक, काहीही दिसलं की फोटो, आणि वस्तू जागेवरून हलवायची नाही, एवढाच नियम दिलाय. पहिला फोटो कालच आला. मेडल आहे, रिबन गेलेली, कडेवरचा क्रमांक लागतोय, पलटणीच्या जागी मात्र खरवडल्यासारखं दिसतंय. १९१४-१९ च्या मेडलांच्या कडांवरची अक्षरं वाचण्यात ज्यांचा हात बसलाय त्यांनी मला कळवा, मोठा फोटो पाठवतो.