यूट्यूब बसलं म्हणतात, पण आमचं दुकान चालू आहे

ऑर्डर द्यायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस हल्ली एक वाक्य हमखास टाकतो, "यूट्यूब आता कोण बघतंय? रीलचं काय घेणार ते सांगा." त्यातला निम्मा भाग दर पाडण्यासाठी असतो, हे इतक्या वर्षांच्या धंद्यात कळायला लागलं आहे. उरलेल्या निम्म्याचा मात्र विचार करावा लागतो. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात व्हिडिओचं काम करणारा आमचा छोटा स्टुडिओ आहे आणि त्यावर चार घरांच्या चुली पेटतात. साइट बसली तर आम्हीही बसणार. म्हणून हा प्रश्न आणि आमची वाटचाल एकत्रच लिहितो.

सुरुवात लग्नांपासून झाली. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, मी व्हिडिओ कॅमेरा घेतला. मिनी डीव्ही कॅसेट, एका हातात कॅमेरा, मागे हॅलोजनचा लाइट धरलेला पोरगा आणि त्याच्यामागे वायर गुंडाळणारा आणखी एक. मंगलाष्टकं संपेपर्यंत घामाच्या धारा. मिक्सिंगमध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवले नाहीत तर मुलीकडचे नाराज व्हायचे.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, तिकडे कॅलिफोर्नियात चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम यांनी यूट्यूब काढलं. २३ एप्रिल २००५ ला त्यावर चढलेला पहिला व्हिडिओ प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर उभ्या असलेल्या करीमचा, २० सेकंदांचाही नाही. पुढच्याच वर्षी गूगलने ही साइट १६५ कोटी डॉलरना घेतली. आमच्यापर्यंत ती पोचली ती परदेशातल्या पाहुण्यांमुळे. "मामा अमेरिकेत आहे, त्याला लग्न दाखवायचंय" अशी मागणी आली की मोजका भाग रात्री अपलोडला लावायचा आणि सकाळी बघायचं, चढला की मध्येच नेट गेलं.

सगळं बदललं ते सप्टेंबर २०१६ ला. जिओ आलं, मळ्यात बसलेल्या माणसाच्या हातात फुकट डेटा आला. तोवर मराठीत यूट्यूबवर पुण्या-मुंबईची पोरं दिसायची किंवा मधुराज रेसिपीसारखी जुनी चॅनेलं. आता बागायतदार बघायला लागला. एका ठिबकच्या दुकानदाराने फिल्टर कसा साफ करायचा याचा व्हिडिओ करून मागितला, कारण तेच तेच सांगायला माणूस पाठवणं त्याला परवडेना. तो व्हिडिओ असा पळाला की त्याला नाशिककडून फोन यायला लागले. मग आम्ही द्राक्षबागेसाठी स्वतःचं चॅनेल काढलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, पोंगा अवस्थेत म्हणजे कोवळा कोंब फुटताना येणारा डाऊनी हा बुरशीचा रोग, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचं डिपिंग. बोलायला एक अनुभवी सल्लागार, शूट आमचं.

चॅनेलवर दिसणाऱ्या जाहिरातींतला वाटा आपल्याला मिळतो. ही कमाई दहा डॉलरला पोचली की गूगल पत्त्याची खात्री करायला पोस्टाने पिन पाठवतं. आमचा पत्ता म्हणजे गट नंबर, अमुक मळा, पोस्ट तमुक. पाकीट आलं तेव्हा पोस्टमनने वडिलांना विचारलं, "पोराला गूगलमध्ये नोकरी लागली का हो?" वडिलांनी नाही म्हटलं नाही. पुढे शंभर डॉलर पुरे झाल्यावर पैसे प्रत्यक्ष बँकेत आले, तेव्हा मीही नाही म्हटलं नाही.

नंतर नियम बदलत गेले. २०१७ मध्ये आपल्या जाहिराती भलत्याच व्हिडिओंवर दिसतात म्हणून तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या. जानेवारी २०१८ मध्ये नवी अट आली. एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलं असेल, तरच जाहिरातीचे पैसे. आमच्या भागातली कितीतरी छोटी चॅनेलं त्यात गळाली. २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांवर होणाऱ्या कमाईतून तिथला कर कापायला लागले. द्राक्षाचे व्हिडिओ अमेरिकेत कोण बघणार? पण फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागला, आणि आमच्या सीएलाही त्या निमित्ताने नवीन काहीतरी शिकायला मिळालं.

२०२० मध्ये लग्नं बंद, माल ऐन काढणीत अडकलेला आणि जो तो घरात बसून फोन बघत होता. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची, म्हणजे रीलसारख्या छोट्या व्हिडिओंची, पहिली चाचणी आपल्याच देशात घेतली. "यूट्यूब संपलं"ची बोंब तेव्हापासूनची.

आकडे बघितले तर या बोंबेला एकदाच थोडा आधार होता. २०२२ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत यूट्यूबचं जाहिरातीचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी घटलं. गूगल हा आकडा वेगळा द्यायला लागल्यापासून अशी घट पहिल्यांदाच झाली होती. पुढच्या दोन तिमाह्यांतही घटच होती. पण २०२३ चं वर्ष ३,१५० कोटी डॉलरच्या आसपास संपलं आणि २०२४ चं ३,६०० कोटींच्या वर गेलं. बसणाऱ्या दुकानाचा गल्ला असा वाढत नाही. उलट अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर जेवढा वेळ लोक काहीही बघतात, त्यातला ११.६ टक्के वेळ फेब्रुवारी २०२५ मध्ये एकट्या यूट्यूबने खाल्ला, असं टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीची मोजणी सांगते. इतका वाटा दुसऱ्या कुठल्याच कंपनीचा नव्हता.

हे टीव्हीचं प्रकरण आमच्याकडेही दिसतंय. नवा स्मार्ट टीव्ही आला की घरातले आजोबा संध्याकाळी कीर्तन लावून बसतात. आमच्या चॅनेलवरही टीव्हीवरून बघणारे वाढत चाललेत. पूर्वी उन्हात, मळ्यात, फोनच्या काचेवर वाचता यावं म्हणून थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर, पिवळी ठसठशीत अक्षरं टाकायचो. आता मोठ्या पडद्यावर तीच अंगावर येतात. फोनवर न जाणवणारी वाऱ्याची घरघर टीव्हीवर कानाला टोचते, म्हणून कॉलर माइकला केसाळ टोप्या घेतल्या.

मग बसलं ते काय? माझ्या मते सबस्क्रायबर बसला. एके काळी माणसाने चॅनेल सबस्क्राइब केलं की आपला नवीन व्हिडिओ त्याच्यापर्यंत जायचा. धंद्याचं सगळं गणित त्यावर होतं. आज मोठा आकडा असलेल्या चॅनेलचा व्हिडिओही दोन दिवस हलत नाही, आणि काल काढलेल्या चॅनेलचा एखादा तुफान पळतो. समोर काय ठेवायचं ते आता माणसाच्या आवडीवरून ठरतं, त्याने पूर्वी दाबलेल्या बटणाला तेवढी किंमत राहिली नाही. शिवाय गर्दी अफाट. मे २०२५ मध्ये मुंबईच्या वेव्हज परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की वर्षभरात भारतातल्या दहा कोटींहून अधिक चॅनेलांनी काही ना काही टाकलं, आणि तीन वर्षांत इथल्या क्रिएटर, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना २१ हजार कोटींहून जास्त रुपये दिले. आकडा ऐकून आमचा एडिटर म्हणाला, "भाऊ, आपलं पाकीट पोस्टात अडकलं वाटतं."

या गर्दीत "शेतकऱ्यांच्या खात्यात आजच पैसे" असं लाल बाण काढून ओरडणारे, मशीनच्या आवाजात वाचलेले व्हिडिओ किती आहेत याला गणती नाही. जुलै २०२५ मध्ये अशा साचेबंद मालाचे पैसे बंद करण्याबाबतचा नियम यूट्यूबने अधिक स्पष्ट केला. आमच्या पट्ट्यात अजून तरी फारसा फरक दिसत नाही.

शॉर्ट्सबद्दल माझं मत जरा कडू आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशांतले ५५ टक्के चॅनेलला मिळतात. शॉर्ट्सचे पैसे फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाले, तिथे सगळ्यांचा एकत्र गल्ला करून आपल्या वाट्याचे ४५ टक्के. मराठी प्रेक्षकांवर जाहिरातीचा दर आधीच कमी, त्यात हा वाटा. चहापाण्याला पुरतो. ३१ मार्च २०२५ पासून तर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात, त्यामुळे आकडे फुगले. यात्रेतली गर्दी दुकानासमोरून गेली म्हणून ती गिऱ्हाईक होत नाही, हे मी आमच्या नर्सरीवाल्या ग्राहकांना सांगतो. त्यांना मात्र आकडाच आवडतो. भावकीला दाखवता येतो ना.

खरं गिऱ्हाईक कुठे थांबतं ते आमच्या चॅनेलच्या आलेखात बघा. व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला किती लोक बघत होते, ते त्यातली रेषा दाखवते. फळ छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. त्यावरचा आमचा एक साधा व्हिडिओ जुना आहे, कॅमेराही जुनाच. "नमस्कार शेतकरी मित्रांनो" आणि पाहुण्यांची ओळख चालू असताना रेषा धाडकन खाली येते. तिथे लोक पळून जातात. पुढे एका जागी ती अचानक टेकडीसारखी वर चढते. तिथे मजूर बाई हातमोजा घालून कपड्याच्या बोळ्याने एकेका डोळ्याला औषध लावतेय आणि कॅमेरा तिच्या बोटांपर्यंत गेलाय. लोक तेवढाच भाग मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघतात. हा व्हिडिओ दर वर्षी सप्टेंबर संपला की आपोआप उठतो, छाटण्या उरकल्या की झोपतो. खरड छाटणीचा एप्रिलमध्ये उठतो. कुणी सर्च करून येतं, बघतं, खाली औषधाचं प्रमाण विचारतं, आणि त्यातलेच काही जण सल्लागारांना फोन लावतात. आमच्या रीलला असं दुसरं वर्ष कधी बघायला मिळालं नाही. चार दिवस नाचते आणि जाते.

हे लक्षात आल्यावर आम्ही धंद्याची घडी बदलली. जाहिरातीच्या पैशांवर पगार ठरवणं बंद केलं. तो पैसा दिवाळीआधी चढतो, जानेवारीत घसरतो, त्याच्या भरवशावर कॅमेऱ्याचा हप्ता भरता येत नाही. आता ठिबकवाले, नर्सऱ्या, बेदाण्याचे शेडवाले आणि अवजारं बनवणारे यांच्याकडून कामाचे ठरलेले पैसे घेतो. व्हिडिओ पळो न पळो. लग्नं सोडली नाहीत. तिथे आगाऊ रक्कम मिळते आणि जेवणही चांगलं असतं.

रील मागणाऱ्यालाही नाही म्हणत नाही. फक्त एकाच शूटमध्ये दोन्ही उरकतो. आडवा लांब व्हिडिओ आधी, त्यातूनच उभे तुकडे. फक्त उभंच शूट करा म्हणणाऱ्याला दर तोच लावतो, कारण गाडीचं डिझेल आणि दोन माणसांचा दिवस उभ्या-आडव्यात बदलत नाही. ओळख-पाळख, ड्रोनने बंगला दाखवणं, मालकांचे विचार, हे सगळं शेवटी ढकलतो. यावर वाद होतात. मालकांना स्वतःचे विचार सुरुवातीलाच हवे असतात. तेव्हा लॅपटॉपवर तो आलेख उघडून दाखवतो.

चॅनेल काढून देताना ते ग्राहकाच्या स्वतःच्या ईमेलवरच काढतो, पासवर्ड त्यांच्याकडे, आम्हाला फक्त मॅनेजरचा अधिकार. आमच्या भागात एका दुकानाचं चॅनेल काम सोडून गेलेल्या पोराच्या खात्यावर राहिलं आणि भांडण चावडीपर्यंत गेलं. मूळ फुटेज हार्ड डिस्कवर देतो, डिस्कचे पैसे वेगळे. ऑक्टोबर छाटणीच्या शूटिंगच्या तारखा गणपतीतच भरायला लागतात, तेव्हा ज्यांना पेस्टिंग किंवा पहिली फवारणी दाखवायची आहे त्यांनी त्याआधी कळवलेलं बरं. पाऊस लांबला तर तारीख पुढे ढकलतो, त्याचे जादा पैसे घेत नाही.