लष्कराचं युनिट लढायला ‘रेडी’ आहे हे ठरवायचं कशावरून?

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांतच फौजा बॉर्डरवर हलवायचा आदेश निघाला, ऑपरेशन पराक्रम. शत्रूच्या हद्दीत घुसून हल्ला करणाऱ्या आपल्या तेव्हाच्या तिन्ही मोठ्या फौजांची, म्हणजे स्ट्राइक कोअरची, हेडक्वार्टर्स मथुरा, अंबाला आणि भोपाळला होती. तिथून रणगाडे, तोफा, दारूगोळा सगळं ट्रेनवर चढवून पश्चिम सीमेवर नेऊन लढायला तयार होईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे गेले, आणि तोवर १२ जानेवारीला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांचं दहशतवाद रोखू असं सांगणारं भाषण झालं, अमेरिकेचं प्रेशर वाढलं, हल्ला करायची वेळ निघून गेली.

यात जवानांची काहीच चूक नाही हो. एकेक युनिट घेतलं तर ट्रेनिंग चांगलं, शिस्त चांगली. पण सगळं मिळून किती दिवसांत उभं राहतं हेही रेडीनेसमध्येच येतं ना, आणि माझ्या मते तेच पहिलं मोजायला हवं, तेही आधी तारीख न कळवता. तारीख कळवून केलेल्या इन्स्पेक्शनला कुठलंही युनिट चकाचकच दिसणार.

दुसरं म्हणजे दारूगोळा. ४० दिवसांच्या जोरदार लढाईला पुरेल एवढा साठा हवा असा तेव्हा आपलाच नियम होता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१५ च्या रिपोर्टप्रमाणे मार्च २०१३ ला फक्त १० टक्के प्रकारांचा तेवढा साठा होता आणि निम्म्या प्रकारांचा तर १० दिवसांचाही नव्हता!! पुढचा रिपोर्ट २०१७ चा, त्यात १५२ पैकी ६१ प्रकार अजून १० दिवसांच्या आतच. मधे २०१६ ला उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला, मग घाईघाईनं उपलष्करप्रमुखांना खरेदीचे जादा अधिकार दिले. ते आधी का नाही दिले, याचा मला खरंच राग येतो.

आणि साठा आहे म्हणजे तो चालेल असंही नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या डेपोला आग लागली, ती विझवायला गेलेले लोक जिवानिशी गेले, आणि नंतर बोट गेलं ते खराब झालेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. रजिस्टरमध्ये तेही साठा म्हणूनच मोजले जात असणार. म्हणून नुसता आकडा नको, प्रत्येक लॉटमधले (एकत्र बनवलेल्या मालातले) थोडे काढून फोडून बघा, खर्च होऊ दे, आणि युनिटच्या रेटिंगमध्ये तो रिझल्ट धरा.