कांद्याच्या मुळाची स्लाइड आणि मायटोसिस

पदवीच्या सेल बायॉलॉजीत मायटोसिसच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या, अवस्था तोंडपाठ असतात, पण स्वतः केलेल्या स्लाइडवर सगळ्या पेशी सारख्याच चौकोनी दिसतात. मग खापर मायक्रोस्कोपवर फुटतं. माझ्या अनुभवात घोळ बहुतेक वेळा त्याआधीच, मुळाचं टोक कापताना नाहीतर मऊ करताना झालेला असतो.

कांद्याची जुनी मुळं खरवडून बूड पाण्याला जेमतेम टेकवलं की दोन-तीन दिवसांत नवी मुळं फुटतात. ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची झाली की टोकं कापून 3 भाग इथेनॉल आणि 1 भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात 24 तास ठेवायची. मिश्रण ताजंच हवं. लगेच वापरायची नसतील तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये टिकतात.

पुढे टोकं मऊ करायला 1 नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, 60 अंश सेल्सिअसला, पाच ते आठ मिनिटं. पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन इथे सुटतं. कमी वेळ दिला तर पेशींचे थर एकमेकांवर तसेच राहतात, जास्त दिला तर टोकाचा चिमट्यातच लगदा होतो. नंतर पाण्याने नीट धुवायचं.

ॲसिटोकार्मिन या लाल रंगद्रव्यात पंधरा-वीस मिनिटांनी टोकाचे एक-दोन मिलिमीटर गडद लाल होतात, कारण तिथे पेशी लहान, दाटीने बसलेल्या आणि केंद्रक मोठं. तेवढाच तुकडा ठेवायचा. उरलेलं मूळ हळहळ न करता टाकून द्यावं. तिथल्या पेशी नुसत्या लांब होत असतात.

तुकड्यावर 45 टक्के ॲसिटिक ॲसिडचा थेंब, वर कव्हरस्लिप, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलके ठोके. मग ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठा सरळ खाली दाबायचा. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशींच्या वळकट्या होतात.

आधी 10एक्स, मग 40एक्स. बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात, दिसल्या म्हणून स्लाइड फसली असं नाही; पेशीचा बहुतांश वेळ त्यातच जातो. खरी फसगत मेटाफेजमध्ये, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात तेव्हा. बाजूने तो पट्टा दिसतो, पण ध्रुवाकडून, म्हणजे पेशीच्या टोकाकडून, पाहिला तर फुलासारखा घोळका, आणि त्याला सर्रास प्रोफेज, म्हणजे विभाजनाची पहिली अवस्था, म्हटलं जातं. केंद्रकाची कड किंवा केंद्रिका (केंद्रकातला गोल ठिपका) अजून दिसत असेल तरच प्रोफेज म्हणावं.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये कांद्याची सोळाच्या सोळा गुणसूत्रं सुटी काढलेली असली आणि शेजारी ॲनाफेजही, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्थाही, असली, तर आकृती पुस्तकातली आहे हे परीक्षक ओळखतो. गुणसूत्रं इतकी सुटी दिसायला मुळांना आधी कोल्चिसिन द्यावं लागतं, आणि त्याने गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंचं स्पिंडलच बनत नसल्याने ॲनाफेज सापडत नाही.