दोन हजार रुपयांत चार पुस्तकं

चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग (सॉफ्टवेअर हाताने तपासायचं काम) केल्यावर मी ठरवलं की आता बॅकएंडला, म्हणजे पडद्यामागचा कोड लिहायला जायचं. व्हिडिओ बघून झाले होते, दोन कोर्सही अर्धवट सोडून झाले होते. मुलाखतीत ‘प्रोसेस आणि थ्रेडमध्ये फरक काय?’ इथंच माझी गाडी अडायची. टीममधले एक सीनियर म्हणाले, ‘तुला नवं काही नको, कॉलेजात टाळलेली पुस्तकं वाच.’ त्यांनी चार विषय सांगितले: सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस. घराचा हप्ता वजा जाता माझ्याकडे या कामासाठी दोन हजार रुपये होते.

ऑनलाइन पाहिलं तर अल्गोरिदमचं एकच पुस्तक परदेशी आवृत्तीत साडेपाच हजारांना. बजेट तिथंच संपलं. पण खाली स्क्रोल केल्यावर त्याच पुस्तकाची भारतीय आवृत्ती हजाराच्या आसपास दिसली. मजकूर तोच, कागद पातळ, कापडी बांधणीऐवजी साधा पुठ्ठा, आणि मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं की ही प्रत अमुक देशांतच विकायची. (एका थाई विद्यार्थ्याने अशा स्वस्त प्रती घरच्यांकडून मागवून अमेरिकेत विकल्या, प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं आणि २०१३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ही गोष्ट कळल्यापासून मला त्या बारीक अक्षरांचा धाक उरलेला नाही. तसंही मी अमेरिकेत कुठे विकायला जातेय?)

पहिली फेरी मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनला. बाबांच्या तोंडून ऐकलेलं फाउंटन म्हणजे चर्चगेटपर्यंत पुस्तकंच पुस्तकं, आणि खिशात जास्त पैसे असले तर स्ट्रँड बुक स्टॉल. स्ट्रँड २०१८मध्ये बंद झालं, १९४८पासून चाललेलं. फुटपाथवरही आता मोजकेच विक्रेते उरलेत. त्यांच्याकडे कॉम्प्युटरची पुस्तकं होती, पण कसली? व्हिज्युअल बेसिक ६, पायथन २, कुठल्या कुठल्या सर्टिफिकेटची गाइडं. पन्नास-पन्नास रुपयांना. हात शिवशिवले, पण यात मी पूर्वी पोळले आहे. २०१६ साली कॉलेजात असताना शंभर रुपयांत अँग्युलर या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचं जाडजूड पुस्तक घेतलं होतं. त्याच वर्षी अँग्युलर मुळापासून नवं लिहून बाजारात आलं आणि माझं पुस्तक रद्दीच्या भावाचं झालं. फ्रेमवर्कचं पुस्तक म्हणजे दूध. सी किंवा अल्गोरिदमचं पुस्तक म्हणजे लोणचं, जुनं झालं तरी चालतं. फाउंटनहून मी रिकाम्या हाताने परतले.

मग एक चूक केली. डेटाबेसचं पुस्तक एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ४८०ला दिसलं, ‘नवीन’ असं लिहिलेलं. घेतलं. पार्सल उघडलं तेव्हा डिंकाचा वास, आकृत्या धुरकटलेल्या, आणि पान २१२नंतर थेट २४५. सरळसरळ कुणीतरी स्कॅन करून छापलेली प्रत. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘मॅडम, प्रिंटिंग डिफेक्ट, रिटर्न नाही.’ मी पानांचे फोटो काढले, बिल जोडलं आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. एकोणीस दिवसांनी पैसे परत आले. तोपर्यंत मी रोज विचार करत होते की त्या बत्तीस पानांत नेमकं काय असेल.

त्या एकोणीस दिवसांतच माटुंगा झालं. रविवार होता, म्हणजे मेगाब्लॉक. डोंबिवलीहून निघालेली गाडी रखडत रखडत पोहोचली. कॅफे मद्रासबाहेरची रांग ओलांडून महेश्वरी उद्यानाच्या फुटपाथवर गेले. व्हीजेटीआय कॉलेज जवळच असल्याने इथे इंजिनीअरिंगच्या पुस्तकांचे अक्षरशः मनोरे असतात. एका काकांना म्हटलं, ‘अल्गोरिदम हवंय, ते मोठं.’

‘कितवी एडिशन?’

मला वाटलं, ते आता शेवटची सांगून महाग लावणार. उलट त्यांनीच समजावलं. ‘ताई, कव्हर बघू नका, आतलं पान बघा. तीनच लेखक असतील तर पहिली, ती नका घेऊ. चौथं नाव आलं की दुसरी. तिसरी मिळाली तर डोळे मिटून घ्या, चौथीसाठी जास्त पैसे कशाला घालता?’ घरी येऊन तपासलं. खरंच, इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्सची पहिली आवृत्ती १९९०ची, तीन लेखकांची; चौथा लेखक २००१च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. तिसरी २००९ची, चौथी २०२२ची. काकांनी यातली एक ओळ तरी वाचली असेल का, शंका आहे. पण आवृत्त्यांचं त्यांचं ज्ञान आमच्या प्रोफेसरांपेक्षा पक्कं.

तिसरी आवृत्ती ४५०ला ठरली. वर अट: सहा महिन्यांत धड अवस्थेत आणलं तर निम्मे पैसे परत.

सीचं पुस्तक त्याच मनोऱ्यात तळाशी होतं. कर्निगन आणि रिची यांचं, आवरणावर लाल अक्षरांत ‘अँसी सी’. ही १९८८ची दुसरी आवृत्ती, आणि तिच्यानंतर नवी निघालीच नाही. म्हणजे कितीही जुनी प्रत घेतली तरी ती ताजीच! १२० रुपये. वाकून काढताना अर्धा मनोरा माझ्या अंगावर आला, काका फक्त हसले.

ऑपरेटिंग सिस्टिमवर खर्च करायची गरजच नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी आपलं पुस्तक, थ्री इझी पीसेस, प्रकरणवार मोफत ठेवलंय. स्क्रीनवर मला वाचवत नाही, म्हणून पहिला भाग छापून स्पायरल करून घेतला, २६० रुपये. झेरॉक्सवाल्या दादाला मी उगाचच सांगितलं की हे लेखकांनीच फुकट दिलंय. त्याने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, ‘दोन्ही बाजूंनी ना?’

डेटाबेसचं शेवटी दुकानातून नवीन घेतलं, भारतीय आवृत्ती, १०९०ला. रंगीत आकृत्या यात करड्या झाल्यात, त्यामुळे कुठली रेघ कुठली हे ओळखायला वेळ लागतो. पण २१२नंतर २१३ आहे.

एकूण खर्च १९२० रुपये. लोकलचं भाडं आणि एक फिल्टर कॉफी धरली नाही.

गेल्या आठवड्यात त्या काकांचा फोन आला. सहा महिने होत आले होते, आणि व्हीजेटीआयची मुलं तेच पुस्तक विचारत होती. ‘आणताय ना ताई? आत्ता आणलंत तर सव्वादोनशे देतो.’

मी म्हटलं, ‘काका, माझं पंधरावं प्रकरण चालू आहे, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग.’

‘मग?’

‘मग तीन आठवडे तिथंच आहे.’

‘बघा बुवा,’ ते म्हणाले, ‘परीक्षा संपल्या की शंभरच्या वर नाही देणार.’