पाणी कुठवर आलं?

दादाच्या तेराव्याला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुटला गं बिचारा. तूही सुटलीस." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या घशात अडकून बसलंय. दादा कशातून सुटला? ज्या दुकानात त्यानं चाळीस वर्षं काम केलं, ज्या गल्लीनं त्याच्या शब्दावर दुकानं रिकामी केली, त्यातून?

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, १९६१चा जन्म. त्याला डाऊन सिंड्रोम होता. हा शब्द आमच्या वाड्यात फार उशिरा आला. त्याच्या पहिल्या केसपेपरवर 'मंगोल' असं लिहिलेलं होतं, तेव्हा डॉक्टर लोक तसंच लिहीत. मंगोलियाच्याच सांगण्यावरून जागतिक आरोग्य संघटनेनं १९६५मध्ये तो शब्द सोडला, पण नाशिकच्या कागदांवर तो पुढंही बरीच वर्षं राहिला. बाबांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, दहा वर्षं काढली तरी खूप समजा. आणि आईला सांगणाऱ्या निराळ्याच होत्या. पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसलीस, म्हणून असं पोर झालं.

मी कॉलेजात असताना मुंबईला दादाच्या रक्ताची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक फोटो दाखवला. त्यात अळ्यांसारखी दिसणारी गुणसूत्रं जोडीजोडीनं लावलेली होती. आपल्या पेशीत ती शेहेचाळीस असतात, दादाच्या पेशीत सत्तेचाळीस. एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन. हे १९५९मध्ये, म्हणजे दादाच्या जन्माच्या दोनच वर्षं आधी, फ्रान्समध्ये सापडलं होतं. आईचं वय जास्त असेल तर धोका वाढतो, पण आमची आई तेव्हा अवघी एकवीस वर्षांची होती. कुणाच्या खाण्यापिण्यानं, वागण्यानं हे होत नाही, असं बाईंनी नीट समजावलं. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे विळीचा काही संबंध नाही ना?"

"काहीही नाही."

परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये आई कसाऱ्यापर्यंत रडत होती. दादा तिच्या शेजारी चिवड्याची पुडी घेऊन बसला होता आणि तिला एकेक शेंगदाणा निवडून भरवत होता.

आमचं दुकान भांडी बाजारात. तांब्या-पितळेची भांडी, देवाची उपकरणी, कळश्या, समया. शाळेत दादाला कुणी घेईना, म्हणून बाबा त्याला लहानपणापासून दुकानात नेत. त्याचे हात आखूड, पंजा रुंद, बोटं बुटकी, तळहातावर एकच आडवी रेषा. रामकुंडावरच्या एका ज्योतिषानं तो हात बघून काही न बोलता खाली ठेवला होता. बाबांना मात्र त्या हाताची किंमत कळली. अरुंद तोंडाच्या तांब्यात आमचा हात मनगटाशी अडायचा, दादाचा आतपर्यंत जायचा. चिंचेचा कोळ, मीठ, चाळलेली राख. मोडीत आलेलं कळकलेलं भांडं तो मांडीवर घेई आणि दुपारपर्यंत सोडत नसे. झालं की नाही हे ओळखायची त्याची खूण एकच होती. भांडं तोंडासमोर धरायचं. "मी दिसलो," म्हणायचा आणि पुढचं उचलायचा. अर्धवट घासलेलं भांडं त्याच्या हातून गिऱ्हाईकाकडे कधी गेलं नाही. हे मी भावाच्या कौतुकानं सांगत नाही, आज दुकान मी चालवते आणि तसं काम करणारा माणूस मला पुन्हा मिळालेला नाही.

दर शनिवारी बाबा त्याला पगार देत. दादाला बारापुढे मोजता येत नसे, पण शनिवारी पैसे हातात पडले नाहीत तर सोमवारी तो कामाला बसत नसे. पैसे पितळी डब्यात जात आणि रविवारी त्यातून आम्हा सगळ्यांना मिसळ. बिल त्यानंच द्यायचं. दुसऱ्या कुणी खिशात हात घातला तर त्याचा चेहरा असा पडे की आम्ही तो प्रयत्नच सोडून दिला.

१९७७मध्ये रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी सुरू केली. स्वतःच्या मुलाला वाढवता वाढवता नाशिकच्या बाकीच्या अशा मुलांसाठी शाळा काढणारी ती बाई. दादा तेव्हा सोळा वर्षांचा. आई त्याला तिथं घेऊन गेली. तिथं तो आपलं नाव लिहायला शिकला, रांगेत थांबायला शिकला, आणि आपल्यासारखी माणसं जगात आणखी आहेत हे त्याला पहिल्यांदा दिसलं. पहिल्या दिवशी घरी येऊन त्यानं आईला ओढत आरशापुढे नेलं आणि आपल्या डोळ्यांकडे बोट करून सांगितलं, "तिथं पण आहे." मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या वाक्याचा अर्थ मला फार नंतर उमगला.

अशी माणसं सदा हसरी असतात, देवाघरची फुलं असतात, असं कुणी म्हटलं की मला अजून राग येतो. दादा हट्टी होता. चिडला की दोन दोन दिवस अबोला धरायचा. माझ्या नवऱ्याला त्यानं वर्षभर घरातला मानलं नाही, त्याची चप्पल रोज जिन्याखाली नेऊन ठेवायचा. पेढ्यांचा पुडा त्याच्यापासून लपवावा लागे. माणूस होता तो, आणि माणसासारखंच त्याला सगळं हवं होतं.

सगळं म्हणजे लग्नसुद्धा. माझं लग्न १९९०मध्ये झालं. हळदीच्या दिवशी त्यानं बाबांना विचारलं, "माझं कधी?" मांडवातले सगळे हसले. मीही हसले. शाळेतल्या एका मुलीचं नाव तो तेव्हा वर्षभर घेत होता, तिला भेटायच्या दिवशी इस्त्रीचा सदरा मागायचा. आम्ही कुणीही त्याच्यासमोर बसून त्याला धड उत्तर दिलं नाही. हो तर नाहीच, नाहीसुद्धा नाही. पुढं काही महिने विचारून मग त्यानं विचारणं सोडलं. आता तो नाही, आणि उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

आता पाण्याबद्दल सांगते, कारण गल्लीत दादाची ओळख त्यानंच होती. नाशिककरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. गोदावरीच्या पात्रात, रामकुंडापाशी, दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती आला हे आम्ही त्याच्यावरून मोजतो. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कंबरेला आलं. रेडिओवर गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले म्हणून सांगतात, पण ते ऐकून दुकानदाराला काय कळणार? पाणी छातीला लागलं म्हटलं की कळतं, आता माल वर उचला.

१९६९च्या पुरात बाबांनी आठ वर्षांच्या दादाला खांद्यावर घेऊन वरच्या गल्लीत नेलं होतं. तेव्हापासून पाणी हा त्याचा विषय. पाऊस लागला की तो पोतं डोक्यावर घेऊन घाटावर जायचा, मारुती बघायचा, परत यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आपल्याच अंगावर हात ठेवून दाखवायचा. घोटा. पिंढरी. गुडघा. बारापुढचे आकडे त्याला लागलेच नाहीत. पुढं पुढं दुकानदारच हाक मारून विचारायला लागले, "दादा, पाणी कुठवर आलं?" त्यानं चुकीचं सांगितल्याचं मला आठवत नाही. खोटं सांगणं त्याला जमतच नसे.

१९ सप्टेंबर २००८. पितृपक्षाचे दिवस, रामकुंडावर गर्दी. दादा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, धापा टाकत आला आणि हात थेट छातीवर ठेवला. त्याआधीची खेप मांडीची होती. मधली कंबर त्यानं दाखवलीच नाही, म्हणजे पाणी झपाट्यानं चढत होतं. आमच्या शेजारच्या काकांनी आधी गड्यांना हाका मारल्या, मग कारण सांगितलं. आमच्या ओळीतल्या चार दुकानांचा माल माडीवर गेला आणि मग गल्लीत पाणी शिरलं. त्या रात्री जिन्यावर बसून दादानं सगळ्यांकडून चहा घेतला, आठ तरी कप.

आई गेल्यावर मी त्याची कायदेशीर पालक झाले. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून ते होतं. त्याआधी एका बँकेत माझ्यादेखत कारकुनानं "यांना काय कळतंय" म्हटलं होतं, तेव्हा दादानं काचेखालून हात घालून अर्ज परत ओढला आणि खाली आपलं नाव लिहिलं. तीन अक्षरं, एकही काना न चुकता.

पन्नाशी उलटली आणि तो गल्ल्या चुकायला लागला. आधी आम्ही थायरॉइड तपासलं, या माणसांत तो बिघडणं नेहमीचंच. गोळ्या सुरूच होत्या, प्रमाण ठीक होतं. मग कळलं, अल्झायमर. त्या आजारात मेंदूत जे प्रथिन साचतं त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच असतं, आणि दादाकडे ते दोनाऐवजी तीन. त्यामुळं अशा माणसांना हा आजार लवकर गाठतो. पूर्वी ती या वयापर्यंत फारशी जगत नसत, म्हणून हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. तो माझं नाव विसरला, मग मिसळ विसरला. तांब्या हातात दिला की मात्र बोटं आतल्या बाजूला फिरत राहायची. आणि "दादा, पाणी कुठवर?" विचारलं की हात घोट्याकडे जायचा. शेवटच्या वर्षी तेही थांबलं. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यूमोनियानं तो घरीच गेला. माझा नवरा, ज्याच्या चपला जिन्याखाली जायच्या, तो शेवटचे तीन महिने त्याला चमच्यानं भरवत होता.

त्याच वर्षी ४ ऑगस्टला, रविवारी, गोदावरीला मोठा पूर आला. पहाटे शेजारच्या काकांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच होता तो. म्हणाला, "ताई, दादाला विचारा ना, पाणी कुठवर..." आणि गप्प झाला.

मी छत्री घेतली आणि घाटाच्या दिशेनं निघाले. परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा जण उभे होते. मला बोलायला श्वास पुरेना. माझा हात आपोआप छातीवर गेला होता.

त्यांनी कुलपं काढली आणि माल उचलायला घेतला.