छत्तीसचा आकडा

पोहे खाताना झालं. पोह्यातला शेंगदाणा वाफेवर मऊ पडलेला असतो, त्याचा कुणी धसका घ्यावा असं त्याच्यात काही नसतं. तो डावीकडच्या खालच्या दाढेत आला आणि कानाच्या मुळापर्यंत सणक गेली. चमचा हातात तसाच राहिला. पुढचा घास भीत भीत चावला. काही नाही. त्याच्या पुढचाही बिनबोभाट गेला. मग अशा वेळी मी जे करते तेच केलं, विसरून गेले.

आठ दिवसांनी भाकरीच्या पापुद्र्याने तोच प्रकार केला. मग तीन आठवडे शांतता. संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा पाक माझ्या हातून जरा पुढे गेला, वड्या अडकित्त्याने फोडाव्यात अशा झाल्या. म्हटलं, आता आपली खैर नाही. तर दोन वड्या फोडून खाल्ल्या, दाढ गप्प. आणि त्याच रात्री मेथीची भाजी-भाकरी खाताना, मेथीत एक लसणीची पाकळी काय ती आडवी आली, कळ थेट डोक्यात.

रोज दुखणाऱ्या दाढेचं एक बरं असतं, तिच्यासाठी काहीतरी करता येतं. कधीतरी दुखणाऱ्या दाढेचं काय करायचं? गोळी शोधून हातात घेईपर्यंत दुखणं निघून गेलेलं. सासूबाई म्हणाल्या, लवंग धर. लवंगेतल्या युजेनॉलने दाढ बधिर होते हे खरं, पण न दुखणाऱ्या दाढेला लवंग लावून दिवसभर बसणार किती? शेजारच्या काकूंनी त्यांचा अनुभव सांगितला. त्यांना मागे सर्दीत वरच्या तीन दाढा एकदम दुखायला लागल्या होत्या, चावताना दुखायच्या आणि जिना उतरतानाही. वरच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला जवळजवळ टेकलेली असतात. सर्दीने ती पोकळी सुजली की दाढांना उगाच त्रास. वाफारे घेतले, सर्दी गेली, दाढा थांबल्या. काकूंनी मलाही वाफारा सुचवला. माझी दाढ खालची, तिच्याखाली पोकळी नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन दिवस वाफारा घेतला. चेहरा छान उजळला.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "अगं, तू हल्ली मान वाकडी करून का जेवतेस?" तेव्हा कळलं की मी सगळं उजवीकडे चावतेय. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलंही नव्हतं. फुटाणे घरात यायचे बंद झाले होते. चकली मी चहात बुडवून खात होते. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर चकलीसाठी तिला जास्त वाईट वाटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कशी दुखते?" आपल्या भाषेत दातांच्या दुखण्याला किती शब्द आहेत, हे त्या खुर्चीत आडवं पडल्यावर लक्षात येतं. कैरीने दात आंबतात. कुल्फीने शिवशिवतात. हिरडी हुळहुळते, अडकलेला तंतू सलतो. आणि ठणका असतो तो रात्रीचा, नाडीबरोबर ठोके देणारा. हे नुसते शब्द नाहीत, बाई त्यातून निदान करत होत्या. ठणका म्हणजे आतला गाभा सुजलेला असण्याची शक्यता मोठी, शिवशिव म्हणजे कुठेतरी वरचं आवरण झिजलंय किंवा मूळ उघडं पडलंय. "सणक," मी म्हटलं. "कधीतरी. चावताना." त्यांनी मान डोलावली आणि आरशाच्या दांड्याने एकेक दात वाजवून पाहिला. एकही दात कबूल झाला नाही. एक्स-रे काढला. स्वच्छ. मला शाळेत पोट दुखतंय म्हणून घरी यायचे आणि घरी आल्यावर थांबायचं, ते दिवस आठवले.

मग बाईंनी एक प्लास्टिकची छोटी काडी काढली. तिच्या टोकाला एक उंचवटा. दाढेला वर चार-पाच टेकाडं असतात. ही काडी एका वेळी एकाच टेकाडावर ठेवून चावायचं.

"चावा." चावलं. "सोडा." सोडलं. काही नाही. दुसरं टेकाड. "चावा. सोडा." काही नाही. तिसरं. "चावा." काही नाही. "सोडा."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. बाईंचा चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. "चावताना की सोडताना?"

सोडताना! इतके महिने मी जगाला सांगत होते की चावताना दुखतं. घासाच्या त्या क्षणभरात एवढा फरक कुणाच्या लक्षात येणार?

दाढेला तडा गेलाय, बाई म्हणाल्या. केसाहून बारीक. जोराने चावलं की तडकलेला भाग किंचित बाजूला होतो, सोडलं की झटक्यात जागेवर येतो. दाताच्या टणक आवरणाखालच्या थरात हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. त्या झटक्याने द्रव हलतो आणि आतली नस दचकते. घास बरोबर त्या टेकाडावर, बरोबर त्या कोनात आला तरच हे घडतं. म्हणून तिळाची वडी निर्दोष आणि लसणीची पाकळी गुन्हेगार. अमेरिकेत कॅमेरॉन नावाच्या दंतवैद्याने १९६४ साली या दुखण्याला नाव दिलं. तोवर माझ्यासारख्या किती जणी खोटारड्या ठरल्या असतील, कोण जाणे.

एक्स-रेत का दिसलं नाही? तडा बहुतेकदा पुढून मागे जातो आणि फिल्मही त्याच दिशेने दाढेला समांतर धरलेली, त्यामुळे तो तिच्यावर उमटतच नाही. बाईंनी बारीक दिव्याचा झोत गालाच्या बाजूने दाढेवर टाकला आणि मला आरसा दिला. अर्धी दाढ कंदिलासारखी उजळली, आणि एका रेषेपाशी उजेड अडला. पलीकडे अंधार.

"छत्तीसला क्रॅक आहे," त्या मदतनीस मुलीला म्हणाल्या, तशी तिने कागदावर ३६ लिहिलं. दंतवैद्यांच्या हिशोबात जबड्याचे चार भाग, डावीकडचा खालचा तिसरा, आणि मधल्या रेषेपासून मोजत गेलं की ही सहावी. म्हणून छत्तीस. एकमेकांकडे पाठ करून बसलेले तीन आणि सहा पाहून मला हसूच आलं. एवढे महिने आमचं जे चाललं होतं, त्याला दुसरा आकडा शोभला नसता.

ही छत्तीस तशी बिचारी आहे. कायमच्या दातांत ती पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी, साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरचे तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणतात. माझीही तशीच किडली. १९८४ साली, मी अकरा वर्षांची असताना, तिच्यात चांदी भरली. भरली म्हणजे चांगली ऐसपैस भरली, कडेच्या भिंती तेवढ्या राहिल्या. त्या भिंतींवर चाळीस वर्षं सुपारी, फुटाणे, बोरांच्या बिया, आणि रात्री झोपेत दातओठ खाण्याची माझी सवय. जागेपणी मी कुणाला वाकडं बोलत नाही, त्याची किंमत ही.

हाड मोडलं तर जुळतं. दाताचं ते कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण एकदा दात बाहेर आला की त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, त्यामुळे तडा सांधायला आतून कुणी येत नाही. बाईंनी चांदी काढली, खाली बारीक तपकिरी रेघ दिसली. ती मुळापर्यंत गेली असती तर दाढ काढावीच लागली असती. तशी गेली नव्हती, नसही तग धरून होती, त्यामुळे रूट कॅनाल टळलं. आधी तात्पुरती कॅप, तीन आठवडे वाट, मग पक्की. पिंपाला पट्टी ठोकतात तसंच काम: दोन्ही भाग एकत्र आवळून ठेवायचे, म्हणजे एकाला सोडून दुसऱ्याला हलता येत नाही.

पक्की कॅप बसवल्यावर बाईंनी निळा कागद दातांत धरून चावायला लावलं, उंच ठिकाणं घासली, आणि म्हणाल्या, "आता डावीकडेही चावायला लागा. उजवीकडचीला जरा विश्रांती द्या."

तरी आठवडाभर मी उजवीकडेच. शेवटी रविवारी फुटाणे आणले. ओट्यापाशी एकटी उभी राहिले, एक फुटाणा निवडला, डावीकडे छत्तीसवर ठेवला आणि चावला. कुडुम. काही नाही.

आता सोडायचं होतं.

"काय गं, अशी का उभी आहेस?" नवऱ्याने विचारलं. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.